‘हे काय काढलंय?’ असं विचारण्याआधी

(शिरगाव, ता. मावळ, जि. पुणे येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचं हे शब्दांकन आहे. बोलताना भिंतीवर काही चित्रांच्या छापील प्रती लावलेल्या होत्या. त्या अंकात देता आलेल्या नाहीत. विषय रंगांचा असल्यामुळे काळ्यापांढऱ्यात छापून उपयोगही नव्हता.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘अमूर्त चित्रांतले रंग आणि उत्स्फूर्तता’ असं छापलंय. ते वाचून सकाळपासून निदान चौघींनी मला गाठून विचारलं, की पोटगीचे अर्ज आणि कोर्टाच्या तारखा सोडून हे काय मध्येच? प्रश्न रास्त आहे. दुपारच्या बैठकीत आपल्याला ठरवायचंय, की इथल्या केंद्रातला शनिवारचा रंगांचा तास चालू ठेवायचा की बंद करायचा. खोली एकच आहे. शनिवारी बायांना कामावरून जरा लवकर सुटता येतं, म्हणून सल्ल्यासाठी येणाऱ्यांची गर्दीही त्याच दिवशी. एका कोपऱ्यात कुणी मारहाणीची हकिगत सांगतेय आणि दुसऱ्या कोपऱ्यात चारपाचजणी कागदावर रंग ओतताहेत, हे बघून काही जणींना अवघडल्यासारखं होतं. माझं मत तास चालू ठेवावा असं आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे बोलता बोलता हळूच गळी उतरवलं असं व्हायला नको.

मी चित्रकार नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, केसच्या फायली सांभाळणारी बाई आहे. चित्रं बघायला लागले ती मुंबईच्या बैठका आणि परतीची गाडी यांच्यामधल्या रिकाम्या वेळात. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नसतं, आत सावली असते, आणि बाई एकटी अर्धा तास उभी राहिली तरी ‘कुणाची वाट बघताय?’ असं कुणी विचारत नाही. सार्वजनिक जागेत बाईला एवढी सोय फार ठिकाणी नसते, तेव्हा मी जात राहिले. आज बोलणार आहे ते त्या बघण्याच्या आणि आपल्या कामाच्या आधारावर.

‘आम्हाला चित्रातलं काही कळत नाही’ हे वाक्य आधी बाजूला ठेवू. साडीच्या दुकानात आपण रंग कसे मागतो ते आठवा. नुसता हिरवा आपण कधी मागत नाही. पोपटी, शेवाळी, मोरपंखी, मेंदी, पिस्ता असं सांगतो. लाल म्हणजे डाळिंबी का कुंकवाचा, विटकरी का किरमिजी, यावरून आपण दुकानदाराला अर्धा तास ताटकळत ठेवतो. अबोली, आंबा, अंजिरी, चिंतामणी, गुलबक्षी, राणी, श्रीखंडी. यातला एकही शब्द आपल्याला कुणी कलेच्या वर्गात शिकवलेला नाही. काठाचा रंग आणि अंगाचा रंग एकमेकांना उठाव देतात की मारतात, हे आपल्याला एका नजरेत दिसतं. भिंतीवरच्या चित्रासमोर गेलं की मात्र हे सगळं ज्ञान आपण चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो. कारण तिथे आपल्याला वाटतं, की चित्र म्हणजे कशाचं तरी चित्र. झाड, देऊळ, आई आणि मूल. ते ‘कशाचं तरी’ सापडलं नाही की आपण नापास.

रंगांशी आपलं नातं फक्त हौसेचं मात्र नाही. रंग आपल्यावर हुकूम म्हणूनही आलेला आहे. सवाष्णीचा हिरवा चुडा, कपाळाचं कुंकू, विधवेचं मोकळं कपाळ. ब्राह्मण घरांमधल्या केशवपन केलेल्या बायांना तांबडं आलवण नेसावं लागे. तो तांबडाच होता, पण त्या तांबड्यात सण नव्हता. म्हणजे एकच रंग एका बाईला सौभाग्य म्हणून द्यायचा आणि दुसरीला शिक्षा म्हणून. हे फार जुनं झालं असं म्हणू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं नवरा वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ च्या मे महिन्यात. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एकविसाव्या शतकाची बावीस वर्षं गेल्यावर बाईच्या कपाळावरच्या रंगासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. त्याशिवाय भगवा, निळा, हिरवा यांची वाटणी तर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. आणि नवरात्रातले नऊ रंग! वर्तमानपत्रांनी रूढ केलेली ही प्रथा जेमतेम वीसेक वर्षांची, पण आज मंगळवारी अमुक रंग म्हटलं की अख्खं ऑफिस त्या रंगात. मला त्यातली मजा कळते, एकत्र फोटो काढायला मीही उभी राहते. तरी एवढं लक्षात घ्यायला हरकत नाही, की ‘आज मला कुठला रंग हवासा वाटतो’ हा प्रश्न आपल्याला फारसा कुणी विचारलेला नाही.

ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून या भिंतीकडे बघू.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये, चित्रकारांचा एक गट असं चित्र काढू लागला, की ज्यात ओळखीची वस्तू नाही; रंग आहे, हाताचा वेग आहे, वजन आहे, थांबणं आहे. त्याला ‘ॲब्स्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझम’ म्हणतात, आपण अमूर्त अभिव्यक्तिवाद म्हणू. कॅनव्हास उभा करून त्यावर दृश्य उतरवण्याऐवजी यातल्या काहींनी तो सरळ जमिनीवर अंथरला, रंग ओतला, शिंपडला, अख्खा हात खांद्यापासून फिरवला. १९५२ साली हॅरोल्ड रोझेनबर्ग या समीक्षकानं लिहिलं, की या चित्रकारांसाठी कॅनव्हास म्हणजे कृती करण्याचा आखाडा आहे, आणि त्यावर उमटतं ते चित्र नसून घटना असते. आखाडा हा शब्द लक्षात ठेवा. आखाड्यात कोण उतरतं? या कलेचा जो इतिहास सांगितला गेला त्यात सगळे पैलवानच होते. सर्वांत गाजलेलं नाव जॅक्सन पोलॉक. रंगाचा डबा हातात, जमिनीवर कॅनव्हास, तोंडात सिगरेट, भोवती कॅमेरे.

आता ही प्रत बघा. ‘मिल्की वे’, म्हणजे आकाशगंगा, १९४५. पोलॉकची रंग ओघळवलेली प्रसिद्ध चित्रं १९४७ पासूनची. हे त्याआधीचं. काढणारी बाई जेनेट सोबेल, जन्म १८९३, युक्रेनमधली ज्यू मुलगी. पंधराव्या वर्षी अमेरिकेत आली, लग्न झालं, पाच मुलं झाली. चित्रकलेचं शिक्षण नाही. चाळिशी उलटल्यावर, मुलगा चित्रकला शिकत होता त्याचं सामान हाती धरून तिनं सुरुवात केली. रंग ओतायची, ओघळू द्यायची, ओल्या रंगावर फुंकर मारायची. न्यूयॉर्कमध्ये पेगी गुगेनहाइमच्या गॅलरीत १९४६ साली तिचं प्रदर्शन झालं. क्लेमंट ग्रीनबर्ग हा त्या काळातला फार वजनदार समीक्षक. त्यानं पुढे लिहून ठेवलंय, की सोबेलची चित्रं त्यानं आणि पोलॉकनं पाहिली होती आणि पोलॉकवर त्यांची छाप पडली होती. लिहिताना तिची ओळख मात्र दिली ती ब्रुकलिनमध्ये राहणारी गृहिणी अशी. सोबेलचं कुटुंब पुढे न्यू जर्सीला राहायला गेलं, रंगांची तिला ॲलर्जी झाली, आणि १९६८ साली ती वारली तेव्हा कलेच्या जगात तिची फारशी कुणाला आठवण नव्हती. पुरुषानं रंग शिंपडला तर क्रांती आणि आजीबाईनं शिंपडला तर गंमत, हा हिशेब आपल्याला अनोळखी नाही.

ली क्रॅस्नर ही दुसरी. पोलॉकची बायको, अशी तिची ओळख कितीतरी वर्षं होती. खरं तर ती त्याच्याआधीपासून गंभीरपणे काम करत होती, आणि हान्स हॉफमन या नावाजलेल्या शिक्षकाकडे शिकली होती. त्यांनी एकदा तिच्या चित्राचं कौतुक केलं, ते इतकं चांगलं आहे की बाईनं काढलंय असं वाटणारही नाही, अशा शब्दांत. १९४५ साली लग्न करून दोघं न्यूयॉर्कबाहेर खेड्यात राहायला गेली. घराबाहेर एक कोठार होतं, ते पोलॉकचा स्टुडिओ झालं. माडीवरची झोपायची लहान खोली क्रॅस्नरला मिळाली. त्या काळातली तिची चित्रं आकारानं लहान आहेत, बारीक, दाट, अक्षरांसारख्या खुणांनी भरलेली. समीक्षक त्यांना ‘लिटल इमेजेस’ म्हणतात. १९५६ साली पोलॉक मोटार अपघातात मेला, त्यानंतर ती कोठारात काम करू लागली. १९५७ चं हे चित्र बघा, ‘द सीझन्स’. माझ्याकडची प्रत वहीएवढी आहे. मूळ चित्र सुमारे सतरा फूट रुंद आहे. हा हॉल त्या खांबापासून या दारापर्यंत धरा.

यावर मला कुणी मानसशास्त्र सांगू लागलं, की नवरा गेल्यावर ती मुक्त झाली वगैरे, तर मी ऐकून घेईन. पण माझ्या मनात आधी येतो तो चौरस फुटांचा हिशेब. हात खांद्यापासून फिरवायचा तर भिंत लागते. उत्स्फूर्तता ही मनात असते असं आपण म्हणतो. तिला जागाही लागते, वेळ लागतो, दिवसाचा उजेड लागतो. उजेडावरून आठवलं. १९५९ नंतर काही काळ क्रॅस्नरला झोप लागत नसे, तेव्हा ती रात्री चित्रं काढायची. दिव्याच्या उजेडात रंग खरे दिसत नाहीत आणि तसं रंगांत काम करणं तिला पसंत नव्हतं, म्हणून तिनं रंगच बाजूला ठेवले. तपकिरी, पांढरट, मातकट, एवढ्यावर तिनं मोठमोठी, वादळासारखी चित्रं काढली. ती ही दोन. रंग कमी का, याचं उत्तर दुःखात शोधायला आपण निघालो असतो. तिचं दुःखही होतंच, आई त्याच सुमाराला वारली होती. पण उत्तरातला एक भाग विजेच्या दिव्यातही होता.

हेलन फ्रँकन्थेलरबद्दल थोडक्यात सांगते. १९५२ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिनं कोरं, अस्तर न लावलेलं कापड जमिनीवर अंथरलं आणि तेलरंग पाण्यासारखा पातळ करून त्यावर सोडला. रंग वर बसला नाही, कापडात मुरला. ‘माउंटन्स अँड सी’ हे ते चित्र. ओल्या लुगड्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या कपड्याला लागतो तेव्हा तो कसा कडेला गडद आणि मध्ये फिका पसरतो, ते आपण सगळ्यांनी चरफडत पाहिलेलं आहे. फ्रँकन्थेलरनं तेच मुद्दाम घडू दिलं. पुढच्या वर्षी दोन पुरुष चित्रकार येऊन ते बघून गेले आणि त्या पद्धतीनं चित्रं काढून मोठे झाले. त्यांनी तिचं ऋण मान्य केलं, हेही सांगायला हवं.

इथे काही जणींच्या मनातली शंका मला ऐकू येते आहे. ही अमेरिकेची कला, शीतयुद्धात तिच्या सरकारनं आपला मोठेपणा मिरवायला वापरलेली, आपल्याला कशाला? तसं झालं होतं हे खरंच आहे. सोव्हिएत रशियात कलावंताला काय काढायचं ते सांगितलं जातं आणि आमच्याकडे तो स्वतंत्र आहे, असं दाखवायला ही चित्रं उपयोगी पडली. १९५८-५९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं या चित्रांचं एक मोठं प्रदर्शन युरोपभर फिरवलं. त्यात सतरा चित्रकार होते. बाई एक, ग्रेस हार्टिगन. स्वातंत्र्याच्या जाहिरातीत बायांना एवढीच जागा होती. आपण मात्र ती जाहिरात बघत नाही आहोत, चित्रं बघतो आहोत. सरकारनं भिंतीवर आपलं पोस्टर चिकटवलं म्हणून भिंत सरकारची होत नाही.

शिवाय हा प्रवाह आपल्याकडेही आहे, आणि मराठी घरातून आलेला आहे. वासुदेव गायतोंडे. मूळ गोव्याचे, जन्म १९२४, नागपूरचा. लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं, शिक्षण जे. जे. मध्ये. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले, तिथली ही सगळी चित्रकला त्यांनी जवळून पाहिली. स्वतःच्या चित्रांना मात्र ते अमूर्त म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. म्हणजे एखादी वस्तू घेऊन तिचं अमूर्त केलं असं नाही, मुळात वस्तू नव्हतीच. ते रोलरनं रंगाचे पातळ थर देत, सुरीनं खरवडून काढत, कागदाचे तुकडे रंगात वापरून उमटवत, पुन्हा थर देत. चित्रं फार थोडी काढत, आणि एकेका चित्राआधी दिवसच्या दिवस नुसते बसून राहत. १९७२ पासून दिल्लीत निजामुद्दीनला राहिले. २००१ मध्ये वारले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या चित्रांना लिलावात कोट्यवधी रुपये मिळतात त्याची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो, आणि ‘यात एवढं काय आहे?’ असंही म्हणतो.

गायतोंड्यांचा मला झालेला उपयोग असा, की उत्स्फूर्त म्हणजे मनाला येईल तसं, भराभरा, हा समज त्यांनी मोडला. त्यांच्या चित्रात रंग कुठे थांबला, कुठे पाझरला, हे आधी कुणी आखलेलं नाही. पण ते घडू देण्यासाठी आधी इतकं थांबलेलं आहे, की ते घडतं तेव्हा हात अडखळत नाही. आता हेही बोलून टाकते, की दिवसच्या दिवस गप्प बसून राहण्याची मुभा त्यांना होती. घरातली बाई दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसली तर सासू विचारते, ‘बरं नाही का?’

ज्या बाईनं ही मुभा आपल्यासाठी घडवली ती नसरीन मोहमदी. जन्म कराचीचा, १९३७ चा, वाढली मुंबईत, लंडनला सेंट मार्टिन्समध्ये शिकली. मुंबईतल्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये तिची आणि गायतोंड्यांची ओळख झाली. तिची १९६० च्या आसपासची कामं बघा, शाई आणि जलरंग कागदावर मोकळे सुटलेले. आणि मग ही १९७० नंतरची, नुसत्या पेन्सिलीच्या आणि शाईच्या सरळ रेघा. १९७२ पासून ती बडोद्याला शिकवत होती. पुढे तिला मज्जासंस्थेचा असा आजार झाला, की हातापायांच्या हालचालींवरचा ताबा सुटत गेला, आणि त्याच काळात ती या केसाएवढ्या बारीक रेघा काढत होती. १९९० साली अलिबागजवळ किहीमला ती वारली. रंग सोडून रेघेकडे गेलेली ही बाई उत्स्फूर्ततेच्या भाषणात कशी बसते, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मला एवढं दिसतं, की आधी सगळं सोडून देता आलं म्हणून नंतर काय ठेवायचं ते तिला ठरवता आलं. दुसऱ्यानं ठरवून दिलेला आवर आणि आपण निवडलेला आवर बाहेरून सारखेच दिसतात. कागद जवळून बघितला की फरक कळतो.

बघायचं कसं, हे आता या भिंतीपाशी येऊनच सांगते.

‘हे काय आहे?’ हा प्रश्न पाच मिनिटं बाजूला ठेवा. त्याऐवजी ‘इथे काय काय झालं?’ असं विचारा. कुठला रंग आधी बसला आणि कुठला त्यावर आला? कडेला जाऊन तिरकं बघा, कळतं. हात कुठे वेगानं गेला? तिथे रंग फाटतो, केसांच्या रेघा दिसतात. कुठे थांबला? तिथे डबकं होतं. कुठे पुसलंय, कुठे खरवडलंय? तुमच्यातल्या ज्यांनी जमीन सारवली आहे त्यांना हे कुणी शिकवायला नको. सारवलेल्या जमिनीवर हाताचे अर्धगोल एकाआड एक बसतात, आणि बघणाऱ्या बाईला कळतं की सारवणारी उजवी होती का डावरी, घाईत होती का निवांत, काला पातळ झाला होता का. सारवताना आपण मागे मागे सरकत येतो, ओल्यावर पाय पडू नये म्हणून. जमिनीवर कॅनव्हास अंथरणाऱ्यांनाही चौफेर असंच फिरावं लागतं.

मावळातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. ऑगस्टपर्यंत आपल्या केंद्राच्या मागच्या भिंतीवर ओल चढते, चुना फुगतो, शेवाळाची हिरवी किनार येते. पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीनं चित्रकारांना सल्ला दिला होता, की डाग पडलेल्या भिंतींकडे बघत जा, त्यात डोंगर, नद्या, लढाया दिसतील. मुलं तेच करतात, ‘हा बघ हत्ती’. हत्ती दिसला की मात्र ओल दिसायची बंद होते. त्या ओलीची कड कशी तांबूस होत गेली, चुना कुठे धरून राहिला, हे बघायला हत्तीला जरा थोपवून धरावं लागतं. अमूर्त चित्र बघणं एवढंच आहे. छापील प्रतीवर त्यातलं निम्मंही कळत नाही, गायतोंड्यांचे थर तर मुळीच नाही. मुंबईला गेलात तर काळा घोड्याला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं.

आता शनिवारच्या तासाकडे येते.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याखाली घरगुती घटनेचा अहवाल भरायचा नमुना आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शारीरिक, लैंगिक, तोंडी आणि भावनिक, आर्थिक. तारीख, वेळ, जागा. हा नमुना हवाच, त्याच्यासाठी चळवळीनं वर्षानुवर्षं भांडण केलेलं आहे, आणि त्यातल्या रकान्यांमुळेच कोर्टात बाईचं म्हणणं टिकतं. पण बाई सांगायला लागते तेव्हा ती रकान्यांत सांगत नाही. पाच वर्षांपूर्वीची थप्पड, कालचा उपाशी मुलगा, सासऱ्याच्या आजारपणात विकलेली पाटली, सगळं एकदम येतं. आपण तिला थांबवतो, ‘आधी लग्नाची तारीख सांगा’. ते आपलं कामच आहे. पोलीस चौकीत तर तिनं न थांबता सांगितलं की ‘बाई रागाच्या भरात बोलतेय’, आणि थांबत थांबत सांगितलं की ‘हिला कुणीतरी शिकवून आणलंय’. उत्स्फूर्त बोलली तरी खोटी, विचार करून बोलली तरी खोटी. आठवड्यातल्या दीड तासात तिच्या हातातून जे येईल त्याला तारीख-वेळ विचारायची नाही, एवढ्यासाठी तो तास मला हवा आहे.

म्हणूनच एक अट घालते, आणि ती तुम्हाला मान्य नसेल तर तास बंद झालेला मला चालेल. या चित्रांचं निदान करायचं नाही. एका प्रशिक्षणात आम्हाला छापील तक्ता दिला होता, लाल म्हणजे राग, काळा म्हणजे नैराश्य, पिवळा म्हणजे आशा. कुंकवाच्या लालपासून आलवणाच्या लालपर्यंत ज्या समाजात एका रंगाचे इतके अर्थ लादलेले आहेत, तिथे हा तक्ता म्हणजे आणखी एक हुकूम. आपल्याकडे येणाऱ्या एका ताईनं सगळा कागद काळा केला होता. दोघी कार्यकर्त्या काळजीनं तिच्याजवळ जाऊन बसल्या. ती म्हणाली, ‘बाकीच्या बाटल्या संपल्या होत्या, हाच भरलेला होता.’ मग जरा वेळानं कागद उजेडाकडे धरून म्हणाली, ‘पण इथे बघा, हात फिरला तिथे चमक आलीय. आमच्या आजीच्या चंद्रकळेला अशीच होती.’ त्या दोघी चमक बघायला आल्या नव्हत्या, म्हणून ती त्यांना आधी दिसली नाही.

यातून पोटगी मिळत नाही. घराबाहेर काढलेल्या बाईला रात्रीचा निवारा मिळत नाही. मी तसा दावा करणार नाही, आणि अहवालात ‘रंगांच्या माध्यमातून सबलीकरण’ असं लिहायला मला कुणी सांगू नये. पैसे देणाऱ्या एका संस्थेनं मागे विचारलं होतं, की या तासाचे लाभार्थी किती आणि फलित काय. लाभार्थ्यांचा आकडा दिला. फलिताच्या रकान्यात ‘चित्रं’ असं लिहिलं. पुढचं अनुदान आलं नाही, ते याच कारणानं की आणखी कशानं ते कळवलेलं नाही. सध्या रंगांचा खर्च आपणच वर्गणीतून करतो. कागद म्हणून जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजू चालतात.

जागेची अडचण खरी आहे. त्याला माझा तोडगा असा, की सल्ल्याचं काम खोलीत आणि रंगांचा तास मागच्या ओट्यावर. पत्रा आहे, पाऊस आला तरी भागतं, आणि उजेड खोलीपेक्षा चांगला आहे. ओट्यावरून रस्ता दिसतो, म्हणजे रस्त्यावरून ओटाही दिसतो. गुरुवारी साईमंदिराकडे जाणारी गर्दी असते तशी शनिवारी नसते, तरी येणारेजाणारे विचारतीलच, की बाया हे काय काढताहेत. उत्तर काय द्यायचं ते बायांना ठरवू द्या.

जेवणाला अजून पाऊण तास आहे. ओट्यावर कागद मांडून ठेवलेत, रंग चार आहेत, तांबडा, निळा, पिवळा आणि तोच तो काळा. ब्रश सहाच आहेत, त्यामुळे ज्यांना मिळणार नाहीत त्यांनी हातानं सुरू करा. पदर खोचून घ्या, निळा धुऊन जात नाही.